धरणाच्या तालुक्यातली कोरडी गावे

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम कडेला भीमाशंकरचे जंगल आहे आणि पूर्व कडेला लोणी. या दोन टोकांमध्ये सरळ रेषेत साठ-सत्तर किलोमीटरांहून अधिक अंतर नसेल. पण घाटमाथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि लोणी-धामणीच्या माळावर साधारण पाचशे मिलिमीटर पडला तरी वर्ष बरे गेले असे म्हणतात. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढतानाच रिते होतात. घोडेगाव आणि मंचरपर्यंत त्यांचा थोडा ओलावा टिकतो. त्यापुढे पूर्वेला सुरू होतो तो पर्जन्यछायेचा पट्टा, आणि हाच पट्टा शिरूर, पारनेर, श्रीगोंदा असा पुढे अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात पसरत जातो. लोणी, धामणी, खडकवाडी, वडगावपीर, मांदळेवाडी, शिरदाळे, पहाडदरा ही गावे या पट्ट्याच्या उंबऱ्यावर आहेत.

पाऊस कमी पडतो एवढ्यावर हे दुखणे संपत नाही, तो बेभरवशाचाही असतो. जूनमध्ये दोन सरी येतात, पेरणी उरकते आणि मग तीन-चार आठवडे आभाळ कोरडे राहते. सप्टेंबरच्या परतीच्या पावसावर रब्बीची ज्वारी आणि विहिरीचे पाणी दोन्ही अवलंबून असतात, आणि नेमका हाच पाऊस दगा देतो. पाचशे मिलिमीटरांपैकी निम्मा पाऊस चार-पाच दिवसांत पडून गेला, तर वर्षाची सरासरी भरते पण जमीन तहानलेलीच राहते. त्यामुळे या गावांच्या बाबतीत वार्षिक सरासरी सांगून फारसे काही कळत नाही. पाऊस केव्हा पडला आणि त्यातला किती जमिनीत मुरला, हे पाहावे लागते.

मुरण्याचा प्रश्न इथल्या खडकाशी जोडलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. महाराष्ट्राचा चार पंचमांशहून अधिक भूभाग या बेसाल्टने व्यापलेला आहे. घट्ट काळ्या पाषाणात पाणी शिरत नाही. ते साठते ते वरच्या मुरमात, थरांच्या सांध्यांत, भेगांत आणि मांजऱ्या खडकाच्या पोकळ्यांत. म्हणून इथे जमिनीखाली पाण्याचा अखंड साठा नाही. एका विहिरीला डिसेंबरपर्यंत पाणी असते आणि दोनशे फुटांवरची दुसरी दिवाळीतच तळ गाठते. शंभर-दीडशे फुटांखाली भेगा विरळ होत जातात. बोअर जितके खोल जाते, तितकी पाणी लागण्याची शक्यता वाढत नाही, आणि लागले तर ते बहुधा अनेक वर्षांत झिरपून साचलेले जुने पाणी असते. ते एका उन्हाळ्यात उपसून संपते आणि भरून यायला पुन्हा तितकीच वर्षे लागतात.

टंचाईशी जुळवून घेण्याचा इतिहास

पाणी बेताचे आहे हे या मुलखाला आज कळलेले नाही. शेजारच्या जुन्नरभोवतीच्या डोंगरांत, लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरी इथे, दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत. त्यांतल्या अनेक विहारांच्या दाराशी खडकात खोदलेले पाण्याचे टाके आहे. डोंगराच्या अंगावरून वाहणारे पावसाचे पाणी छोट्या पन्हळींनी टाक्यात आणायचे आणि वरचे तोंड लहान ठेवून ऊन आत जाऊ द्यायचे नाही, अशी त्यांची रचना आहे. हे टाके खोदून देणे पुण्याचे काम समजले जाई. मानमोडीतल्या एका शिलालेखात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने पोढी म्हणजे टाके आणि मंडप दान दिल्याची नोंद आहे. तो लेख नहपानाच्या लेखांतल्या कालगणनेच्या ४६ व्या वर्षाचा आहे. राज्याच्या मंत्र्याने स्वतःचे नाव पाण्याच्या टाक्यावर कोरून घ्यावे, यावरून त्या काळी साठवलेल्या पाण्याचे मोल कळते. नाणेघाटाच्या माथ्यावर व्यापारी तांड्यांसाठी खोदलेली टाकी आणि शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी याच परंपरेतली आहेत.

पश्चिम आंबेगावात पाऊस उदंड, पण उतार तीव्र. तिथल्या महादेव कोळी शेतकऱ्यांनी पडकई नावाची पद्धत जपली आहे. डोंगरउतार फोडून, दगडांचे बांध घालून भाताची लहान-लहान खाचरे तयार करायची आणि हे काम एकट्याने न करता आळीपाळीने एकमेकांच्या शेतावर राबून पुरे करायचे. पडकईने माती थांबते आणि मातीसोबत पाणीही थांबते. याच भागात आहुप्यासारख्या गावांनी देवराया राखल्या. देवाच्या नावाने राखलेल्या रानात कुऱ्हाड चालत नाही आणि त्याखालचे झरे उन्हाळ्यातही तग धरतात. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला, तेव्हा या गावठी नियमांमागचा पर्यावरणाचा अर्थ अभ्यासकांपुढे आला.

पूर्वेकडच्या माळावर देवराईला लागणारा पाऊस नाही. तिथली शहाणीव वेगळी होती आणि ती पिकांच्या निवडीत दिसते. खरिपात बाजरी, तिच्यात हुलगा-मटकीच्या ओळी, रब्बीत ज्वारी, जोडीला शेळ्या-मेंढ्या. बाजरी फसली तरी हुलगा येतो. दोन्ही फसले तरी कडबा मिळतो आणि जनावर जगते. विहिरीवर मोट असेपर्यंत उपसाही आपोआप मर्यादित राही, कारण बैलजोडी दिवसभरात जेवढे पाणी ओढेल तेवढेच शेताला मिळे आणि रात्रभरात विहीर पुन्हा भरून येई. त्या काळात सुबत्ता होती असा याचा अर्थ नाही. मोटेच्या मागे माणसे आणि बैल झिजत होते, आणि दुष्काळ पडला की लोक देशोधडीला लागत होते. पण उपशाला एक नैसर्गिक लगाम होता. विजेचा पंप आला आणि तो लगाम सुटला, त्या जागी दुसरा कोणी घातला नाही. पुढच्या पन्नास वर्षांच्या टंचाईचे मूळ बऱ्याच अंशी इथे आहे.

१९७२ आणि त्यानंतर

१९७२ चा दुष्काळ या पट्ट्यातल्या वयस्कांच्या आठवणीत अजून ताजा आहे. पाऊस सलग दोन-तीन वर्षे कमी पडत आला होता, त्या वर्षी तो जवळपास आलाच नाही. विहिरी आटल्या, जनावरे कवडीमोलाने विकली गेली, रेशनवर परदेशातून आलेला मिलो, म्हणजे लाल ज्वारी, मिळू लागला. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या आणि माती वाहणाऱ्या मजुरांची संख्या लाखांत गेली आणि कामावरच्यांना सुकडी वाटली गेली. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर पसरली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. देशाने २००५ मध्ये केलेल्या रोजगार हमी कायद्याचा हाच पूर्वज.

दुष्काळी कामांतून गावोगाव पाझर तलाव उभे राहिले. पाझर तलावातून पाट काढायचा नसतो. ओढ्याचे पाणी अडवून ते तळातून मुरू द्यायचे आणि खालच्या अंगाच्या विहिरींना त्याचा पाझर मिळू द्यायचा, एवढेच त्याचे काम. कल्पना उत्तम होती. अडचण अशी की तलाव कुठे बांधायचा हे ठरवताना खालचा खडक पाहण्यापेक्षा मजुरांना काम लवकर देण्याला महत्त्व आले. ते त्या वर्षी योग्यही होते, माणसे उपाशी होती. पण घट्ट पाषाणावर बांधलेल्या तलावात पाणी साचते, मुरत मात्र नाही, आणि उन्हाने उडून जाते. शिवाय पाझराचे पाणी ज्या विहिरीत उतरते ती कोणाची, हा प्रश्न कोणी विचारला नाही. सगळ्या गावाने खणलेल्या तलावाचा लाभ खालच्या अंगाला ज्यांची जमीन होती, त्या मोजक्या शेतकऱ्यांना झाला.

त्यानंतर बोअर आले. विहीर खणायला महिने लागत, बोअर एका रात्रीत होते. शेजाऱ्याने दोनशे फूट घेतले की दुसरा तीनशे घेतो आणि दोघांच्या मधली विहीर आटते. या चढाओढीत कर्ज काढून घेतलेली कोरडी बोअर किती, याचा हिशोब कोणत्याही सरकारी तक्त्यात मांडलेला नसतो. २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्याने अधिसूचित क्षेत्रात शेती व उद्योगासाठी साठ मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा, खोल विहिरी घेण्यावर बंदी घातली. तरतूद शहाणपणाची आहे. पण बोअरची गाडी गावात आली, रात्रीत खोदून निघून गेली, तर तिला अडवणार कोण, याची व्यवस्था गावातच असावी लागते.

शेजारचे पाणी

याच तालुक्यात घोड नदीवर डिंभे धरण आहे. घोड आहुप्याच्या बाजूने उगम पावते आणि पूर्वेला वाहत जाते. कुकडी प्रकल्पातल्या येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांपैकी साडेतेरा टीएमसी क्षमतेचे डिंभे हे सर्वांत मोठे. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर असे नाव आहे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाची मोटार अडवताना हौतात्म्य पत्करलेले बाबू गेनू याच तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचे.

कुकडी प्रकल्पाचे पाणी जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि करमाळा अशा सात तालुक्यांत वाटले जाते. लोणी-धामणीची गावे मात्र कालव्याच्या पातळीच्या वर, पठारावर आहेत. कालवा उताराने वाहतो, वर चढत नाही. पाणी उचलून आणायचे तर उपसा योजना लागते. म्हणून या गावांत म्हाळसाकांत उपसा सिंचन योजनेची मागणी वर्षानुवर्षे होत आहे. मागणी रास्त आहे. आपल्याच तालुक्यातले धरण दीडशे-दोनशे किलोमीटरवरच्या शेताला पाणी देते आणि आपल्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो, हे सोसणे सोपे नाही. मात्र उपसा योजना म्हणजे कायमचे वीजबिल. राज्यातल्या कित्येक उपसा योजना बांधून झाल्यावर बिल थकल्याने बंद पडल्या आहेत. पाणी वर आल्यावर ते कोणत्या पिकाला द्यायचे, याचा निर्णय आधी झाला नाही तर तीच गत होते.

कालव्याखालच्या पट्ट्यात काय झाले ते पाहिले की हा निर्णय किती महत्त्वाचा आहे हे समजते. लोणीपासून काही किलोमीटरवर पारगावजवळ दत्तात्रयनगरला भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे आणि जुन्नरमध्ये विघ्नहर. घोड, मीना आणि कुकडीच्या काठचा मुलूख उसाने हिरवा झाला. शेतकऱ्याला खात्रीचा भाव मिळाला, घरे पक्की झाली, मुले शिकली. त्याच वेळी राज्याच्या पिकाखालच्या क्षेत्रात जेमतेम चार-पाच टक्के असलेला ऊस सिंचनाच्या पाण्यातला निम्म्याहून मोठा वाटा घेऊ लागला. उसाने आणखीही एक बदल घडवला. बारा-चौदा महिने उभ्या राहणाऱ्या दाट पिकात बिबट्याला लपायला जागा मिळाली. खायला गावातली कुत्री आणि शेळ्या होत्याच. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात माणसांवरचे हल्ले एवढे वाढले की डझनावारी बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले. एका ठिकाणचे बिबटे उचलून भलतीकडे सोडल्याने हल्ले थांबत नाहीत, उलट वाढू शकतात, हे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून याच भागात पुढे आले. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र हे त्या बदललेल्या भूगोलाचेच एक अंग आहे.

आणि धरणाची किंमत वरच्या अंगाला मोजली गेली. ज्या गावाच्या नावाने तालुका ओळखला जातो ते जुने आंबेगावच डिंभ्याच्या पाण्याखाली गेले. महादेव कोळी कुटुंबांची खाचरे बुडाली. तिथे आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या शाश्वत संस्थेने लोकांसोबत काम केले. उन्हाळ्यात पाणी उतरले की उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीवर गाळपेर करण्याचा हक्क, जलाशयात मासेमारीसाठी आदिवासींची सहकारी संस्था आणि उरलेल्या उतारावर पडकई, असे तीन मार्ग त्यांनी धरले. पडकईला रोजगार हमीच्या कामांत स्थान मिळाले. २०१२ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. थोड्या साधनांत नेटके जगणे ही आवड म्हणून स्वीकारलेली गोष्ट नव्हती, बुडालेल्या लोकांनी हाती राहिलेल्या पाण्या-मातीतून ती उभी केली. म्हणून तिचे मोल अधिक.

एका गावाचा हिशोब

पाणी कमी म्हणजे किती कमी, हे आकड्यांत मांडून पाहणे उपयोगाचे ठरते. हिशोबासाठी एक हजार हेक्टर शिवार, दोन हजार माणसे आणि एक हजार मोठी जनावरे असलेले गाव धरू. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला की दहा हजार लिटर पाणी होते. पाचशे मिलिमीटर पावसाने एका हेक्टरवर पन्नास लाख लिटर आणि सगळ्या शिवारावर पाचशे कोटी लिटर पाणी पडते. यातला मोठा भाग मातीत ओल म्हणून राहून पिके आणि गवत पोसतो किंवा उडून जातो, काही ओढ्याने वाहून जाते. बेसाल्टच्या प्रदेशात साधारण दहा टक्के खाली मुरते असे धरले, तर विहिरी-बोअरसाठी पन्नास कोटी लिटर हाती येतात.

आता गरज पाहू. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटरचे प्रमाण ठरवले आहे. त्या प्रमाणाने दोन हजार माणसांना वर्षाला सुमारे चार कोटी लिटर लागतात. एका मोठ्या जनावराला रोज पन्नास लिटर धरले तर एक हजार जनावरांना आणखी पावणेदोन-दोन कोटी. म्हणजे माणसे आणि जनावरे मिळून सहा कोटी. उरतात चव्वेचाळीस कोटी.

या गणिताचे उत्तर विचार करायला लावणारे आहे. इतक्या कोरड्या गावातही माणसा-जनावरांचे पाणी एकूण मुरलेल्या पाण्याच्या आठव्या हिश्शाइतकेच लागते. तरीही एप्रिलमध्ये टँकर येतो, कारण फेब्रुवारीपर्यंत उरलेले सगळे शेतात गेलेले असते. टँकरचे मूळ उन्हाळ्यात नसून आधीच्या पाच महिन्यांच्या उपशात असते.

चव्वेचाळीस कोटी लिटर शेतीला कसे पुरतात? उसाला हेक्टरी दोनशे ते अडीचशे लाख लिटर पाणी लागते. अडीचशे लाख धरले तर एक हजार हेक्टरांपैकी सतरा-अठरा हेक्टर ऊस आणि बाकी सारे कोरडे. कांद्यासारख्या पिकाला पन्नास लाख लिटर धरले तर अठ्ठ्याऐंशी हेक्टर भिजतात. रब्बीच्या ज्वारीला ऐन गरजेच्या वेळी संरक्षित पाण्याच्या दोन पाळ्या द्यायच्या, एका वेळी पंचाहत्तर मिलिमीटर, तर हेक्टरी पंधरा लाख लिटर लागतात आणि जवळजवळ तीनशे हेक्टरांवरचे पीक हमखास पदरात पडते. तेच पाणी अठरा हेक्टरांवर वापरायचे की तीनशेवर, हा निव्वळ शेतीशास्त्राचा प्रश्न राहत नाही. अठरा हेक्टर किती घरांचे आणि तीनशे हेक्टर किती घरांचे, हा खरा प्रश्न आहे. ठिबकने पिकाची गरज कमी होते हे खरे, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी एकरभर बागायत वाढवली तर विहिरीत काहीच वाचत नाही.

शेततळ्याचेही असेच. ओढ्याचे वाहून जाणारे पाणी साठवले तर शेततळे गावाच्या पाण्यात भर घालते. मात्र प्लास्टिक अंथरलेले तळे विहिरी-बोअरच्या पाण्याने भरले, तर जमिनीखाली सावलीत असलेले पाणी उन्हात आणून ठेवल्यासारखे होते. उन्हाळ्यात इथे रोज आठ मिलिमीटर पाणी सहज उडते. तीस मीटर लांब आणि तीस मीटर रुंद तळ्यातून त्या हिशोबाने रोज सात हजार लिटर हवेत जातात, म्हणजे माणशी ५५ लिटरने जवळपास एकशेतीस माणसांचे पाणी. २०१६ पासून मागेल त्याला शेततळे मिळू लागले, तेव्हा ते कशाने भरणार हे विचारणे आवश्यक होते.

नियम करणारी गावे

पाण्याच्या वाटपाचा सर्वांत धीट प्रयोग पुणे जिल्ह्यातच, पुरंदर तालुक्यातल्या नायगावात झाला. पुण्यातले अभियंते-उद्योजक विलासराव साळुंखे १९७२ च्या दुष्काळात गावोगाव फिरले. १९७४ मध्ये त्यांनी ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन केले आणि नायगावच्या सोळा हेक्टर माळरानावर पाणी अडवून, मुरवून, शेती करून दाखवली. तिथून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम थोडे आणि स्पष्ट होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणसांच्या प्रमाणात द्यायचे, माणशी अर्धा एकर भिजेल इतके आणि कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरते. ऊस लावायचा नाही. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जाणार नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः घालायचा. भारतात पाण्याचा हक्क जमिनीच्या मालकीला चिकटलेला असतो, तो नायगावच्या माळावर सुटा केला गेला. साळुंखे २००२ मध्ये गेले. पुढे सरकारी जलनीतीत समन्यायी वाटपाची भाषा आली, पण पाणी पंचायतीइतका रोखठोक नियम त्यात क्वचितच दिसतो.

लोणीच्या पूर्वेला, शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही पाण्याच्या कामासाठी ओळखली जाणारी गावे आहेत. हिवरे बाजारात १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. चर, बांध, तलाव ही कामे इतर अनेक गावांतही झाली. हिवरे बाजार वेगळे ठरले ते झालेल्या कामाला नियमांची जोड दिल्याने. शेतीसाठी बोअर नाही, ऊस आणि केळी नाही, झाडतोड नाही, मोकाट चराई नाही. दरवर्षी पावसाळा संपला की पर्जन्यमापकाच्या नोंदीवरून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो. पिण्याचे आणि जनावरांचे पाणी आधी बाजूला काढायचे, मग उरेल त्यावर रब्बीची पिके ठरवायची. पाऊस कमी झाला तर बागायत कमी होते. २०१४ नंतर जलयुक्त शिवार अभियानातून आणि २०१६ पासून पाणी फाउंडेशनच्या स्पर्धांतून हजारो गावांत पाणी अडवण्याचे काम झाले. पण अडवलेले पाणी वापरायचे कसे याचा ठराव फार थोड्या गावांनी केला. खोदकाम एका उन्हाळ्यात होते, ठराव मात्र दरवर्षी पाळावा लागतो.

पाबळचा विज्ञान आश्रम

लोणीहून बेल्हे-जेजुरी रस्त्याने दक्षिणेला गेले की शिरूर तालुक्यातले पाबळ लागते. हाही तसाच अवर्षणग्रस्त मुलूख. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी नोकरी सोडून १९८३ मध्ये इथे विज्ञान आश्रम सुरू केला. जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांच्या भारतीय शिक्षण संस्थेचे हे केंद्र. शाळा सुटलेल्या ग्रामीण मुलामुलींना वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, वीज, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया असे अनेक हुन्नर एकाच वर्षात हाताने करून शिकवायचे आणि शिकताना गावाला उपयोगी पडेल अशी सेवाही द्यायची, ही पद्धत. एका कौशल्यावर लहान गावात पोट भरत नाही, पाच-सहा येत असतील तर भरते, असा त्यामागचा साधा विचार.

पाण्याच्या बाबतीत आश्रमाचे एक काम फार मोलाचे आहे. विहीर कुठे घ्यावी हे सांगायला गावात पाणाड्याला बोलावतात. आश्रमाने जमिनीचा विद्युतरोध मोजण्याचे यंत्र वापरून पाण्याचा शोध घेण्याचे तंत्र अल्पशिक्षित मुलांना शिकवले. जमिनीत विजेचा क्षीण प्रवाह सोडायचा आणि खडक त्याला किती विरोध करतो ते मोजायचे. ओला, भेगाळलेला खडक कमी विरोध करतो, घट्ट पाषाण जास्त. यातून पाणी लागण्याची हमी मिळत नाही, पण कर्ज काढून कोरडे भोक पाडण्याचा धोका कमी होतो. आकडे घेणे, आलेख काढणे आणि त्यावरून निर्णय करणे दहावी नापास मुलालाही जमते, हे पाबळने दाखवून दिले.

तिथेच त्रिकोणी सांगाड्यांचा पाबळ डोम तयार झाला. गोलाकार घुमटाला तेवढीच जागा झाकायला साहित्य कमी लागते आणि तो भूकंपात टिकतो. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादकडे असे डोम बांधले गेले. २००२ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या नील गर्शनफेल्ड यांची अमेरिकेबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याची कार्यशाळा, याच आश्रमात सुरू झाली. कलबाग २००३ मध्ये वारले, पण आठवी ते दहावीच्या मुलांना हाताने कामे शिकवणारा मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम महाराष्ट्रातल्या आणि बाहेरच्याही शाळांत पोचला.

घरापुरते

गावाचा नियम नसेल तर एका घराच्या काटकसरीने विहीर भरत नाही, हे आधी स्पष्ट असावे. तरीही घरापुरते बरेच काही करता येते आणि त्यातले काही थेट बाईचे श्रम वाचवते, कारण हंडा-कळशी घेऊन चालण्याचे काम अजून बहुतेक तिच्याच वाट्याला येते.

पन्नास चौरस मीटर पत्र्याच्या छतावर पाचशे मिलिमीटर पाऊस पडला तर पंचवीस हजार लिटर पाणी होते. पाचवा भाग वाया गेला असे धरून वीस हजार लिटर साठवता येतात. पिण्या-स्वयंपाकाला माणशी आठ लिटर धरले तर पाच जणांच्या घराला रोज चाळीस लिटर लागतात, म्हणजे हे पाणी वर्ष उलटूनही उरते. अडचण पावसाची नसून टाकीची आहे. वीस हजार लिटरची टाकी गरीब घराला परवडत नाही. पाच हजार लिटरची टाकी घेतली तरी चार महिन्यांचे पिण्याचे पाणी निघते, आणि ती सप्टेंबरअखेर भरून झाकून ठेवली तर फेब्रुवारीपासून मेपर्यंतचे दिवस तीच काढून नेते. पहिल्या दोन-तीन पावसांचे पाणी टाकीत घ्यायचे नाही, टाकीत उजेड शिरू द्यायचा नाही आणि पन्हळीच्या तोंडाशी जाळी लावायची, एवढे पथ्य पाळावे लागते.

आंघोळीचे आणि भांड्यांचे पाणी परसात अळू, केळ, शेवगा, पपई यांना सोडणे ही जुनी रीत. जिथे परस नाही तिथे शोषखड्डा घ्यावा, म्हणजे पाणी रस्त्यावर न साचता जमिनीत उतरते आणि डासही कमी होतात.

इंधनासाठी गोबरगॅसची शिफारस नेहमी केली जाते. चार-पाच जनावरे असलेल्या घराला दोन घनमीटरचे संयंत्र पुरते. त्याला रोज पन्नास किलो शेण लागते, त्यातून पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो आणि बाहेर पडणारी मळी शेताला उत्तम खत म्हणून चालते. पण शेणाइतकेच पाणी त्यात कालवावे लागते. रोज पन्नास लिटर म्हणजे जलजीवनच्या प्रमाणात एका माणसाच्या वाट्याचे जवळजवळ सारे पाणी. लोणीसारख्या गावात संयंत्र बसवताना हा हिशोब सांगितला गेला नाही, तर मार्चमध्ये ते बंद पडते आणि चूल पुन्हा पेटते. गोठा धुतलेले पाणी आणि जनावरांचे मूत्र नालीने थेट संयंत्राच्या कुंडीत आणले, तर वेगळे पाणी जवळजवळ लागत नाही. त्यासाठी गोठ्याची फरशी कुंडीच्या दिशेने उतरती घ्यावी लागते आणि कुंडी गोठ्यापेक्षा खालच्या पातळीवर बांधावी लागते. हे काम बांधतानाच करून घ्यायचे, नंतर फरशी फोडून ते सहसा कोणी करत नाही.